रात्रीची डाक, रात्रीची गाडी

माझी आई शाळकरी वयात चार वर्षे नागपुरास, धंतोलीत तिच्या मामांच्या घरी राहत होती. तिचे वडील मद्रासला एका व्यापारी पेढीत हिशेबनीस होते आणि मुलीचे शिक्षण मराठीतून व्हावे या हट्टापायी त्यांनी तिला आजोळी ठेवले होते. साठ सालानंतरची ही गोष्ट. मध्यरात्र जवळ आली की सोनेगावच्या दिशेने आकाशात घरघर सुरू होई. एक विमान उतरे, मग दुसरे, मग तिसरे. आई अंथरुणात जागी असे. मामी म्हणत, "झोप आता. तुझ्या दादांचे पत्र आले." हे लहान मुलीला झोपवण्यापुरते बोलणे नव्हते. त्या विमानांपैकी एक खरोखरच मद्रासहून आलेले असे, त्याच्या पोटात टपालाच्या थैल्या असत, आणि आदल्या संध्याकाळी मद्रासच्या पेटीत पडलेले पत्र दुसऱ्या दिवशी धंतोलीत पोहोचे.

पुढे योगायोगाने माझीच नेमणूक चेन्नईला झाली. मी हिशेबखात्यातला अधिकारी. माझ्या मेजावर येणाऱ्या कागदांत प्रवासभत्त्याच्या बिलांचा भरणा मोठा असतो, आणि त्या बिलांत एक प्रश्न पुनःपुन्हा डोके वर काढतो: हा प्रवास विमानाने का केला, रात्रीच्या गाडीने का नाही? किंवा उलट. नियम सापडतात, पण नियमांनी प्रश्नाचे उत्तर मिळतेच असे नाही. युरोपातही गेली काही वर्षे हाच वाद जोरात चालू आहे. तिथे १८८३ मध्ये पॅरिसहून ओरिएंट एक्स्प्रेस सुटली तेव्हापासून शयनयानाची थोर परंपरा होती. स्वस्त विमानांनी ती मोडीत काढली. जर्मन रेल्वेने आपल्या शयनगाड्या २०१६ च्या डिसेंबरात बंद केल्या, आणि शेजारच्या ऑस्ट्रियाच्या रेल्वेने त्यांतल्या कित्येक उचलून 'नाइटजेट' या नावाने चालवायला घेतल्या. एकाने टाकलेले ओझे दुसऱ्याने आनंदाने डोक्यावर घ्यावे, असा हा प्रकार. हवेत सोडल्या जाणाऱ्या धुराचा विचार हे त्यामागचे एक कारण. विमानाचा दरमाणशी धूर आगगाडीच्या कितीतरी पट असतो, याविषयी आता मतभेद उरलेला नाही.

परंतु युरोपचे राहू द्या. आपल्याकडे या प्रश्नाचा इतिहास अधिक रसाळ आहे, आणि त्यातले मोठे प्रकरण घडले ते महाराष्ट्राच्या भूमीवर, नागपुरास. मात्र त्याची सुरुवात मद्रासहूनच करावी लागते.

मुंबई-ठाणे गाडी १८५३ मध्ये धावली हे आपण शाळेत घोकलेले असते. मद्रासकरांची पहिली गाडी त्यानंतर तीन वर्षांनी, १ जुलै १८५६ रोजी, रायपुरम स्थानकातून वालाजा रोडकडे निघाली. रायपुरमची ती खांबांची इमारत आजही उभी आहे आणि तिच्या दारातून जाताना मला आपल्या बोरीबंदरच्या मूळच्या लाकडी स्थानकाची हळहळ वाटते. ते काही राहिले नाही. मुंबईकडून ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे आणि मद्रासकडून मद्रास रेल्वे अशा दोन वाटा एकमेकींकडे सरकत सरकत १८७१ मध्ये रायचूरला भेटल्या. पुणे, दौंड, सोलापूर, वाडी, रायचूर, गुंटकल, आरकोणम ही माळ त्या वर्षी गुंफली गेली. त्याआधी मुंबईहून मद्रासला जायचे म्हणजे समुद्राने वळसा घालायचा किंवा बैलगाडीच्या चाकाने महिने मोजायचे. छत्रपती शिवाजीमहाराज १६७७ मध्ये दक्षिणेच्या स्वारीवर या बाजूला आले होते आणि चेन्नईच्या जॉर्ज टाउनमधल्या काळिकांबाळ मंदिरात त्यांनी दर्शन घेतले अशी इथली परंपरा आहे. त्या स्वारीला निघाल्यापासून परत येईपर्यंत वर्षाहून अधिक काळ गेला. रायचूरचा सांधा जुळला आणि तोच पल्ला दिवसांच्या मोजणीत आला.

या मार्गावरच्या मुख्य गाडीला लोक 'मेल' म्हणत आले. या शब्दाचा मूळ अर्थ आपण विसरून गेलो आहोत. ती टपालाची गाडी होती. माणसे तिच्यात नंतर. तिला एक डबा जोडलेला असे, त्यात रेल्वे मेल सर्व्हिसचे लोक रात्रभर उभे राहून पत्रे छाटत. भिंतीला लाकडी खण, प्रत्येक खणावर गावाचे नाव, आणि वर दिव्याचा पिवळा उजेड. गाडी दौंड सोडून सोलापूरकडे निघाली की सोलापूरची थैली बांधून तयार. पत्र प्रवास करीत असतानाच त्याची वर्गवारी होत असल्यामुळे स्थानकावर एक क्षणही फुकट जात नसे. रात्र ही झोपेत जायचीच आहे, तर त्या अवधीत अंतर कापून घ्यावे, ही युक्ती माणसांच्या आधी पत्रांना लागू झाली, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

टाटांच्या विमानसेवेने पहिले पाऊल टाकले तेही पत्रांसाठीच, आणि तेही मद्रासच्या वाटेवर. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून एक छोटे 'पस मॉथ' विमान घेऊन निघाले, अहमदाबादला इंधन घेतले, आणि मुंबईत जुहूला उतरले. तिथून नेव्हिल विन्सेंट यांनी बल्लारीमार्गे टपाल मद्रासला नेले. अहमदाबादेस इंधनाचे डबे बैलगाडीतून विमानापर्यंत आणले होते, ही हकीकत टाटांनीच पुढे सांगितली आहे. जुहूची जमीन पावसाळ्यात पाण्याखाली जाई, म्हणून त्या महिन्यांत हा सगळा संसार पुण्यास हलवावा लागे. मुद्दा असा की हे विमान दिवसाचे होते. सूर्य मावळला की ते जमिनीवर. वाटेत दिवे नाहीत, मार्ग दाखवणारी यंत्रे नाहीत. त्यामुळे विमान दिवसा पुढे जाई आणि आगगाडी रात्रीही चालत राही. कासव आणि सशाच्या गोष्टीतला ससा निदान आपल्या इच्छेने झोपला होता.

स्वातंत्र्यानंतर दळणवळणमंत्री रफी अहमद किडवाई यांच्या मनात असे आले की विमानानेही रात्री चालावे. योजना सोपी होती आणि तिच्या सोपेपणातच तिचे सौंदर्य होते. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून रात्री एकेक विमान निघावे. चौघांनी मध्यरात्रीच्या सुमारास नागपुरास भेटावे. आपापल्या थैल्या एकमेकांना द्याव्यात. आणि पहाट होण्याच्या सुमारास ज्याने त्याने आपल्या घरी परतावे. नकाशावर पट्टी ठेवून पाहिले तर मुंबईहून नागपूर हवेतून सुमारे ७०० किलोमीटर, आणि दिल्ली, मद्रास व कलकत्ता ८५० ते १००० च्या घरात. डाकोटा जातीच्या विमानाला हे अंतर साडेतीन-चार तासांचे. म्हणजे संध्याकाळची टपालपेटी उघडून झाल्यावर निघावे आणि सकाळच्या वाटपाच्या आत पोहोचावे, हे गणित नेमके बसत होते. इंग्रजांनी नागपुरात उभारलेला शून्य मैलाचा खांब इतकी वर्षे नुसता उभा होता. त्याला प्रथमच काम मिळाले असे म्हणायला हरकत नाही. रेल्वेने मात्र हे मर्म आधीच ओळखले होते. मुंबई-हावडा आणि दिल्ली-मद्रास हे दोन्ही लोहमार्ग नागपुरातच एकमेकांना छेदतात, आणि मद्रासची ग्रँड ट्रंक एक्स्प्रेस १९२९ पासून याच वाटेने धावत आली आहे.

रात्रीची हवाई डाक ३० जानेवारी १९४९ रोजी सुरू झाली. त्याच वर्षीच्या १ एप्रिलपासून देशांतर्गत पत्रे कोणताही जादा आकार न घेता, विमानाने लवकर पोहोचत असतील तर विमानानेच न्यावीत, असा निर्णय झाला. या दुसऱ्या निर्णयाकडे इतिहासकारांचे फारसे लक्ष गेलेले नाही, पण मला तो पहिल्याहून थोर वाटतो. ज्या काळात विमानात बसणे ही राजेरजवाड्यांची आणि गिरणीमालकांची गोष्ट होती, त्या काळात सोलापूरच्या विणकराचे पत्र साध्या तिकिटावर विमानात बसू लागले.

टाटांना ही योजना मान्य नव्हती. रात्रीच्या उड्डाणाला लागणारी साधने मार्गावर अपुरी आहेत, असे त्यांचे म्हणणे होते, आणि त्या क्षेत्रात त्यांच्याइतका अधिकारी पुरुष दुसरा नव्हता. ज्या कंपनीने आरंभी हे काम घेतले तिची काही महिन्यांतच दमछाक झाली. १९४९ च्या ऑक्टोबरात हिमालयन एव्हिएशन या कंपनीने ते पुन्हा सुरू केले. दरम्यान विमान कंपन्या उदंड झाल्या होत्या आणि बहुतेक तोट्यात होत्या. १९५० मध्ये सरकारने चौकशी समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते न्यायमूर्ती ग. स. राजाध्यक्ष. कामाच्या मानाने कंपन्या फार झाल्या, हा तिचा निष्कर्ष.

या राजाध्यक्षांविषयी दोन शब्द अधिक बोलण्याचा मोह आवरत नाही. हेच गृहस्थ त्याच्या तीन वर्षे आधी रेल्वे कामगारांच्या तंट्यात लवाद होते. कोणाला किती तास राबवावे हा त्या तंट्याचा गाभा. त्यांच्या १९४७ च्या निवाड्याने अखंड काम असलेल्या रेल्वे नोकराला आठवड्याचे ५४ तास आणि अतिश्रमाचे काम असलेल्याला ४५ तास अशी मर्यादा घातली. रात्रीच्या गाडीच्या आणि रात्रीच्या विमानाच्या, दोन्हींच्या जमाखर्चात एका मराठी न्यायाधीशाने डोके घातले होते, ही गोष्ट आपल्याकडे कोणी सांगत नाही. रात्रीच्या प्रवासाची थोरवी गाताना आपण झोपलेल्या प्रवाशाकडे पाहतो. त्या रात्री कोण जागे होते, हे राजाध्यक्षांनी पाहिले.

१ ऑगस्ट १९५३ पासून सगळ्या देशी विमान कंपन्यांची मिळून इंडियन एअरलाइन्स झाली आणि रात्रीची डाक तिच्याकडे आली. त्याच वर्षाच्या १२ डिसेंबरच्या रात्री नागपुराहून उडालेले एक डाकोटा विमान लगेचच कोसळले. दहाही प्रवासी आणि चारपैकी तीन कर्मचारी मृत्युमुखी पडले. वैमानिक तेवढा वाचला. मृतांत कामगार चळवळीतले पुढारी आणि संसद सदस्य हरिहरनाथ शास्त्री होते. टाटांची भीती अगदीच अनाठायी नव्हती, असे त्या रात्री अनेकांना वाटले असेल. पण न्याय करायचा तर आगगाडीचाही हिशेब मांडला पाहिजे. २३ नोव्हेंबर १९५६ रोजी मद्रासच्या एग्मोर स्थानकातून रात्री सुटलेली तुतिकोरिन एक्स्प्रेस पहाटे अरियलूरजवळ पुराने खचलेल्या पुलावरून नदीत गेली. दीडशेच्या आसपास माणसे गेली, आणि रेल्वेमंत्री लालबहादूर शास्त्रींनी राजीनामा दिला. झोपेत प्रवास करणारा माणूस आपला जीव पूर्णपणे दुसऱ्याच्या जागरणावर सोपवतो. वाहन कोणतेही असो, हा व्यवहार तोच.

अपघात होऊनही नागपूरची भेट चालू राहिली, आणि वीस वर्षांहून अधिक काळ चालली. डाकोटांच्या जागी मोठी विमाने आली. पत्रांबरोबर प्रवासीही घेत, आणि दिवसाच्या विमानापेक्षा कमी भाड्यात, कारण अपरात्री नागपूरच्या धावपट्टीशेजारी ताटकळायचे, कॉफी प्यायची, आणि आपल्या गावाच्या विमानाचा पुकारा झाला की उठायचे, यासाठी पूर्ण भाडे कोण देणार? दुसऱ्या शब्दांत, हे विमान म्हणजे पंख लावलेली रात्रीची मेलगाडीच होती. तेच जंक्शन, तोच खोळंबा, तेच पेंगणारे हमाल, आणि थैल्यांची तीच फेकाफेक. माझ्या मते भारतीय टपालाच्या इतिहासातली ही सर्वांत कल्पक व्यवस्था. अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात एका खासगी कंपनीने सगळी विमाने रात्री एकत्र आणून पुडकी वाटण्याचा धंदा १९७३ मध्ये सुरू केला आणि जगाने तिची वाहवा केली. पश्चिम जर्मनीने फ्रांकफुर्टला मध्यरात्री टपालविमाने भेटवण्याची पद्धत १९६१ मध्ये घातली. नागपुरात हे बारा वर्षे आधी चालू झाले होते. फ्रांकफुर्टची ती पद्धत आता कालवश झाली आहे. जर्मनीतले शेवटचे रात्रीचे टपालविमान मार्च २०२४ मध्ये उडाले, कारण पत्राला आता तितकी घाई उरली नाही आणि धुराचा हिशेब परवडेना. आपल्याकडची रात्रीची डाक १९७० च्या दशकातच थांबली.

पत्रांचे रात्रीचे विमान गेले. माणसांची रात्रीची गाडी मात्र राहिली, आणि ती सुधारली. यात एका मराठी माणसाचा हात आहे. राजापूरचे खासदार मधू दंडवते १९७७ मध्ये रेल्वेमंत्री झाले. ते पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक. दुसऱ्या वर्गाच्या शयनयानातल्या लाकडी फळ्यांवर दोन इंचांची गादी बसवावी, असे त्यांनी ठरवले. मुंबई-हावडा गीतांजली एक्स्प्रेस २६ डिसेंबर १९७७ रोजी सुटली ती वरचा वर्गच नसलेली गाडी म्हणून. दोन इंच ही काही मोठी गोष्ट दिसत नाही. परंतु ज्याने लाकडी फळीवर रात्र काढली आहे त्याला विचारा. रात्रीची गाडी विमानाला तुल्यबळ ठरते ती वेगाने नव्हे, झोपेने. आणि ती झोप साध्या तिकिटाच्या माणसाला दंडवत्यांनी दिली.

आता जमाखर्च. मुंबई-चेन्नई हे रुळावरचे अंतर साधारण १२८० किलोमीटर. गाडीला एक रात्र आणि जवळजवळ एक आख्खा दिवस लागतो, विमानाला दोन तास. इथे मी विमानाचे बिल निमूटपणे मंजूर करतो. पण ४०० पासून ९०० किलोमीटरपर्यंतचा जो पट्टा आहे, तो रात्रीच्या गाडीचा. मुंबईहून सोलापूरला सिद्धेश्वर, कोल्हापूरला महालक्ष्मी, चेन्नईहून मदुरैला पांडियन. जेवून चढावे आणि तोंड धुवायला गावात उतरावे. विमानाचा तास-दीड तास म्हणताना आपण विमानतळावर जाणे, रांगा, वाट पाहणे, आणि उतरल्यावर पुन्हा गावात येणे धरत नाही. शिवाय रात्रीची गाडी एका मुक्कामाचे भाडे वाचवते, हे हिशेबनीसाने तरी विसरू नये. चेन्नई-सोलापूर हे अंतर सव्वाआठशे किलोमीटरचे. म्हणजे माझ्याच सिद्धांताच्या कक्षेत येणारे.

काही वर्षांपूर्वी जानेवारीतल्या एका दुपारी चारच्या सुमारास सोलापूरहून दूरध्वनी आला की आईची प्रकृती बिघडली आहे. सोलापूरला तेव्हा नियमित विमान नव्हते. दोन मार्ग होते. संध्याकाळच्या विमानाने हैदराबाद गाठायचे आणि तिथून तीनशे किलोमीटर रात्रीच्या रस्त्याने मोटारीतून जायचे; किंवा थोड्याच वेळात सुटणारी संध्याकाळची गाडी पकडायची, जी सकाळी सोलापूरला सोडते. मी गाडी पकडली. अपरात्रीच्या अनोळखी रस्त्याचा भरवसा काय, हा विचार केला. इतकी वर्षे कागदावर मांडलेले गणितही मनात असेलच. रेणिगुंट्याला चहा घेतला. गुंटकल केव्हा गेले ते कळले नाही, कारण मला झोप लागली. हे मी आजही कोणाला सहजासहजी सांगत नाही.

दिल्लीला असलेले माझे थोरले बंधू अण्णा यांना निरोप त्याच वेळी मिळाला होता. त्यांनी विमान घेतले, रात्री साडेदहाला हैदराबादेस उतरले, आणि मोटारीने पहाटे साडेचारला रुग्णालयात पोहोचले. माझ्या दुप्पट अंतरावरून ते माझ्या तीन तास आधी आले. त्या तीन तासांत आई सावध होती आणि बोलत होती. नागपूरचे बोलली, मामींचे बोलली, मध्यरात्रीच्या विमानांचे बोलली, आणि दादांच्या पत्रांचा गठ्ठा कपाटात कुठे आहे ते तिने अण्णांना सांगितले. मी साडेसातला पोहोचलो तेव्हा ती थकली होती. मला पाहून तिने एवढेच विचारले, "गाडीत झोप झाली का रे?" मी हो म्हणालो. दुपारी दोनच्या सुमारास ती गेली.

तेराव्यानंतर आम्ही दोघे भाऊ ओसरीवर बसलो असता अण्णांनी आपण होऊन विषय काढला. म्हणाले, "तू गाडीने आलास ते ठीकच केलेस. मी त्या मोटारीत सहा तास डोळे ताणून बसलो होतो; ड्रायव्हर दोनदा पेंगला." ते मला बरे वाटावे म्हणून म्हणाले असतील. ड्रायव्हर पेंगलाही असेल. मी त्यावर काही बोललो नाही. दोन दिवसांनी ते हैदराबादमार्गे विमानाने दिल्लीस गेले आणि मी रात्रीच्या गाडीने चेन्नईस परतलो.

पत्रांचा गठ्ठा त्यांनी माझ्याकडे दिला. बहुतेक पत्रे निळ्या आंतर्देशीय कागदावरची आहेत. मजकूर साधा, परीक्षेची चौकशी, मद्रासचा उकाडा, फणसाचे गरे, मामींना नमस्कार. मी हिशेबखात्यातला माणूस, म्हणून मजकुराच्या आधी शिक्के वाचले. जिथे शाई पुसलेली नाही तिथे मद्रासचा शिक्का संध्याकाळचा आहे आणि नागपूरचा दुसऱ्या दिवशी सकाळचा. एका पत्राच्या कोपऱ्यावर आईने पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहून ठेवले आहे: "काल रात्री ऐकले होते."